सुरतेत त्या दिवशी मतदान नव्हतं



मी नंदुरबार जिल्ह्यातली. आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. आमच्या जिल्ह्यात नवापूरचं रेल्वे स्टेशन आहे, त्याचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. एकाच फलाटावर इकडे उभं राहिलं तर महाराष्ट्र, चार पावलं पुढे गेलं की गुजरात. आमच्याकडच्या किती मुली त्या गाडीने सासरी गेल्या! माझी खालाही तशीच १९७८ साली लग्न होऊन सुरतेला गेली, रांदेरला.

७ मे २०२४ ला गुजरातेत लोकसभेचं मतदान होतं. मी सकाळी खालाला फोन केला. म्हटलं, ऊन व्हायच्या आत मत देऊन ये. ती म्हणाली, "कसलं मत? इधर तो कुछ है ही नहीं."

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. काँग्रेसचे उमेदवार नीलेश कुंभाणी यांच्या अर्जावर ज्या सूचकांच्या सह्या होत्या, त्यांनीच प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं की या सह्या आमच्या नाहीत. अर्ज बाद झाला. पर्यायी उमेदवाराचाही झाला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या सगळ्यांनी अर्ज मागे घेतले आणि भाजपचे मुकेश दलाल मतदानाच्या आधीच, २२ एप्रिलला, खासदार झाले. ज्या सुरतेने मोरारजी देसाईंना पुन्हा पुन्हा लोकसभेत पाठवलं, ते पंतप्रधान झाले तेव्हाही सुरतेचेच खासदार होते, त्या सुरतेत मतदान यंत्रंच आली नाहीत. गंमत म्हणजे खालाचा मुलगा त्याच शहरात लिंबायतला राहतो. तो भाग नवसारी मतदारसंघात मोडतो. त्याने मत दिलं. एकाच शहरात मुलाच्या बोटाला शाई आणि आईचं बोट कोरं.

खालाला कोण निवडून आलं याचं फार दुःख नव्हतं. ती म्हणाली, "इस बार गली में कोई आया ही नहीं." आजच्या माझ्या बोलण्याचा विषय हाच आहे असं धरा.

तुम्ही मला दिलेला प्रश्न असा : एखादं राज्य एकदा पुरतं एकतर्फी झालं, तर तिथे पुन्हा खरी लढत होऊ शकते का? तुम्ही महाराष्ट्राच्या काळजीने विचारताय हे मला कळतं. २०२४ च्या नोव्हेंबरात महायुतीला २८८ पैकी २३० जागा मिळाल्या आणि विरोधातल्या एकाही पक्षाला २९ चा आकडा गाठता आला नाही. पण आपल्याकडे अजून चित्र बसलेलं नाही. त्याच वर्षी जून महिन्यात, म्हणजे विधानसभेच्या सहा महिनेही आधी नाही, लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने जिंकल्या होत्या. बसलेलं चित्र पाहायचं तर गुजरातकडेच जावं लागतं. १९६० पर्यंत आपण एकाच राज्यात होतो. आणि आजही भाजपच्या गुजरातमधल्या यंत्रणेत ज्यांचं नाव पहिल्या रांगेत घेतात, ते सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. तेव्हा हे काही परक्याच्या घरात डोकावणं नाही.

तुमच्यातले बरेच जण २००० नंतर जन्मलेले दिसतात. तुमच्या हयातीत गुजरातेत दुसऱ्या पक्षाचं सरकार आलेलंच नाही. त्यामुळे तुम्हाला वाटतं की ती त्या मातीचीच गोष्ट आहे. मी १९८५ ची निवडणूक पाहिलेली आहे. तेव्हाही गुजरात एकतर्फीच होता, फक्त उलट्या बाजूने. माधवसिंह सोळंकींच्या काँग्रेसला १८२ पैकी १४९ जागा होत्या. हा विक्रम ३७ वर्षं टिकला. २०२२ मध्ये भाजपने १५६ जिंकल्या तेव्हा मोडला. आणि त्या १९८५ च्या निवडणुकीत भाजपला किती जागा होत्या? अकरा.

परत सांगते, अकरा. २०२२ मध्ये काँग्रेसला मिळाल्या सतरा. म्हणजे आजची काँग्रेस जेवढी खाली आहे, त्याच्याही खाली भाजप होता. पाच वर्षांनी, १९९० मध्ये, काँग्रेस १४९ वरून ३३ वर आली, जनता दलाला ७० आणि भाजपला ६७. आणखी पाच वर्षांनी भाजप १२१.

तेव्हा "होऊ शकतं का" याचं उत्तर गुजरातेनेच देऊन ठेवलंय. खरा प्रश्न, कसं होतं आणि कुणामुळे होतं.

वर्गात मी हे सांगितलं की एखादा मुलगा हमखास म्हणायचा, "बाई, ते राम मंदिरामुळे." अर्धं खरं आहे. पण अडवाणींची रथयात्रा सोमनाथहून निघाली सप्टेंबर १९९० मध्ये, आणि काँग्रेस ३३ वर आली ती त्याच वर्षीच्या सुरुवातीला. यात्रेच्या आधीच घर पडलं होतं. सोळंकींनी मागासवर्गीयांचं आरक्षण १० टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर नेलं, त्याविरुद्ध १९८५ मध्ये मोठं आंदोलन पेटलं, जुलैत त्यांना राजीनामा द्यावा लागला. पाटीदार, ब्राह्मण, वाणी समाज काँग्रेसपासून तुटला. जिंकणाऱ्यांची मोट आतून सुटली, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. सुटलेली माणसं जाऊन बसायला एक ओटा तयार होता. १९८७ मध्ये भाजपने अहमदाबाद महानगरपालिका जिंकली. विधानसभेत अकरा आमदार असलेला पक्ष राज्यातलं सगळ्यात मोठं शहर चालवायला लागला. गटार, दिवाबत्ती, शाळा, रस्ते. ज्याचं काम अडलं तो नगरसेवकाकडे गेला. आमदारकी नव्हती, पण दारात चपला होत्या.

हे फक्त गुजरातचं नाही. दिल्ली घ्या. २०१५ मध्ये आम आदमी पक्षाला ७० पैकी ६७ जागा, भाजपला ३. सगळे म्हणाले, संपलं. पण त्या तीन जागांच्या मागे ३२ टक्के मतं होती, आणि महापालिका २००७ पासून २०२२ पर्यंत भाजपच्याच हातात होत्या. २०२५ मध्ये भाजप ४८ जागा घेऊन सत्तेत आला. त्याच दिल्लीत काँग्रेस १५ वर्षं सत्तेवर होती आणि आता सलग तीन विधानसभा निवडणुकांत तिला एकही जागा नाही. दोघेही हरले होते. एकाच्या हाती वॉर्ड होते, दुसऱ्याच्या हाती आठवणी.

बंगालचं उदाहरण मला जास्त घाबरवतं. २०११ मध्ये डावे हरले तेव्हाही त्यांना जवळजवळ ४१ टक्के मतं होती. एवढी मतं असलेला पक्ष पुढच्या वेळी परत येतो, असं मीच तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बजावून सांगितलं होतं. २०२१ मध्ये डाव्यांचा एकही आमदार नव्हता. ३४ वर्षं राज्य केलेला पक्ष! सत्ता गेल्यावर गावातला कार्यकर्ता टिकला नाही, आणि ममता बॅनर्जींना हरवायचं असलेला मतदार ज्याच्याकडे ताकद दिसली त्याच्याकडे, भाजपकडे, गेला. राज्यात लढत परत आली, पण जुना पक्ष परत आला नाही. राज्य पुन्हा चुरशीचं होणं आणि आपल्या आवडीचा पक्ष परत येणं, या दोन गोष्टी आपण नेहमी एक समजतो. त्या एक नाहीत.

आता पुन्हा गुजरात. लोक म्हणतात १९९५ पासून एकतर्फी. मी म्हणते, २०२२ पासून. आकडे बघा. २००२, २००७, २०१२ : तिन्ही वेळा काँग्रेस हरली, पण मतं ३८-३९ टक्क्यांच्या आसपास कायम. २००२ ची निवडणूक तर त्या भयंकर दंगलींनंतर काही महिन्यांत झालेली, तरीही १०० पैकी ३९ मतदार तिकडेच होते. हरणं वेगळं आणि विरोधकच नाहीसा होणं वेगळं.

आणि २०१७? ती निवडणूक मी आमच्या सीमेवरून जवळून पाहिली. पाटीदार आंदोलन झालं होतं. उनाला दलित तरुणांना मारहाण झाली, त्यातून जिग्नेश मेवाणी पुढे आले. कापूस-भुईमुगाला भाव नव्हता. सुरतेचे कापड व्यापारी जीएसटीविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. निकाल लागला : भाजप ९९, काँग्रेस ७७. बहुमत ९२ चं. गोध्रा २५८ मतांनी गेलं, धोळका ३२७ मतांनी. एका मोहल्ल्यातल्या दोन इमारती खाली उतरल्या असत्या तर! सौराष्ट्र-कच्छच्या ५४ पैकी ३० जागा काँग्रेसने घेतल्या. ज्या सुरतेत व्यापारी ओरडत होते, त्या सुरत जिल्ह्यातल्या १६ पैकी १५ मात्र भाजपला. खालाच्या शेजारचा कापडवाला तिला म्हणाला होता, राग आहे, पण दुकान उघडून द्यायला रात्री कोण येतो ते पण बघावं लागतं.

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केलाय. काँग्रेसकडे राग होता, यंत्रणा नव्हती. भाजपकडे मतदार यादीच्या प्रत्येक पानाला एक माणूस होता. पन्नाप्रमुख म्हणतात त्याला. सी. आर. पाटलांनी पुढे त्याचीच पानागणिक समिती केली. एका पानावर तीस-एक नावं. ती तीस माणसं कोण, कुणाच्या घरी लग्न, कुणाचं रेशन अडलंय, हे त्या माणसाला ठाऊक. आपण भाषणं ऐकून निवडणूक समजून घेतो, ते यादीचं पान घेऊन.

आणि एकेकाळी काँग्रेसकडेही असं जाळं होतं. दूध संघ, बाजार समित्या, सहकारी बँका. महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. साखर कारखाना ज्याचा, तालुका त्याचा. ते जाळं एकेक करून निसटलं. मग माणसं निसटली. २०१७ ची तीन तरुण नावं आठवा : हार्दिक पटेल, अल्पेश ठाकोर, जिग्नेश मेवाणी. आज पहिले दोघं भाजपचे आमदार आहेत. अर्जुन मोढवाडिया प्रदेशाध्यक्ष राहिलेले, विधानसभेत विरोधी पक्षनेते राहिलेले. २०२२ च्या पडझडीतही पोरबंदर जिंकले आणि २०२४ मध्ये तेही गेले. मतदाराने जीव तोडून विरोधी आमदार निवडून द्यायचा आणि त्याने पुढच्या वर्षी पलीकडे जायचं. असं दोन-तीन वेळा झालं की मतदार स्वतःच म्हणतो, मधला दलाल कशाला, सरळ तिकडेच जाऊ. २०२२ मध्ये काँग्रेसची मतं ४१ वरून २७ टक्क्यांवर आली. १३ टक्के आम आदमी पक्षाने नेली आणि त्याला जागा पाच. पराभवाला भाजपची ताकद कारण होती हे खरंच, पण मला वाटतं मतदाराचा विश्वास आधी विरोधकांनीच संपवला.

यात आपण कुठे? आता त्याकडे येते, आणि काही कडू बोलते.

सोळंकींच्या विजयाच्या सूत्राला "खाम" म्हणत : क्षत्रिय, हरिजन, आदिवासी, मुस्लिम. त्यातला शेवटचा "म" आपला. १९८० मध्ये गुजरात विधानसभेत १२ मुस्लिम आमदार होते. २०१७ मध्ये तीन. २०२२ मध्ये एक, अहमदाबादच्या जमालपूर-खाडियाचे इम्रान खेडावाला. राज्यात मुस्लिम लोकसंख्या साडेनऊ टक्क्यांच्या वर. भरूचहून अहमद पटेल १९८४ मध्ये निवडून आले, त्यानंतर गुजरातेतून लोकसभेत एकही मुस्लिम गेलेला नाही. भाजपने १९९८ नंतर विधानसभेला एकही मुस्लिम उमेदवार दिलेला नाही. हे सगळं तुम्हाला ऐकून माहीत असेल.

पण त्या सोनेरी काळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९६९ ची अहमदाबादची भीषण दंगल झाली तेव्हा राज्य काँग्रेसचं होतं. १९८५ मध्ये, म्हणजे १४९ जागांच्याच वर्षी, आरक्षणविरोधी आंदोलनाने मध्येच जातीय वळण घेतलं आणि अहमदाबाद महिनोन्‌महिने जळत राहिलं. सूत्रात "म" होता, विधानसभेत आपले आमदार होते, प्रचंड बहुमत होतं आणि मोहल्ल्यात संरक्षण नव्हतं. घरं घाबरून विकली जाऊ लागली म्हणून १९८६ मध्ये अशांत क्षेत्राचा वटहुकूम आला. आज त्याच कायद्यामुळे एका धर्माच्या माणसाला दुसऱ्या धर्माच्या माणसाचं घर घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. मूळ हेतू घाबरलेल्याला वाचवण्याचा, परिणाम वस्त्या वेगळ्या ठेवण्याचा. आणि सुरुवात काँग्रेसच्या राज्यात. म्हणून "आपलं" सरकार एकतर्फी निवडून आलं की आपलं भलं होतं, हा हिशेब मी कधीच सोडून दिला.

स्टीव्हन विल्किन्सन नावाच्या अभ्यासकाचं २००४ चं एक पुस्तक आहे, भारतातल्या निवडणुका आणि दंगली यांवर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : दंगल थांबवायची की नाही हे बरंचसं राज्य सरकारच्या मनावर असतं, आणि ज्या सरकारला टिकण्यासाठी अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असते, ते पोलिसांना हुकूम देतं. अनेक पक्षांत चुरस असेल तर ही गरज निर्माण होते. लढत एकतर्फी झाली की गरज संपते. त्यावर विद्वानांत वाद आहेत, असू देत. पण खालाच्या गल्लीत कुणी आलं नाही, याचा अर्थ मला त्या पुस्तकाने नीट कळला. एका पक्षाला तिचं मत नको होतं. दुसऱ्याला ते मिळणारच होतं, म्हणून तोही तिचं नाव घ्यायला घाबरत होता. २०१७ च्या सगळ्या चुरशीतही काँग्रेसच्या मोठ्या सभांमध्ये मुसलमान हा शब्द ऐकायला मिळत नव्हता. त्यामुळे चुरस आली म्हणजे सगळं आलं असंही मी म्हणणार नाही. चुरस आली की निदान कुणीतरी दार वाजवतो. दार वाजलं की गटाराचं, शाळेचं, पोलीस ठाण्याचं बोलता येतं.

मग काय, वाट बघायची? मोट सुटायची तेव्हा सुटेल, ते आपल्या हातात नाही. आमच्या नंदुरबारचं बघा. माणिकराव गावित १९८१ पासून सलग नऊ वेळा खासदार. आमच्या घरी निकालाच्या दिवशी रेडिओसुद्धा लावत नसत. २०१४ मध्ये हीना गावित भाजपकडून आल्या आणि लाखावर मतांनी जिंकल्या. त्यांचे वडील विजयकुमार गावित आधी राष्ट्रवादीचे मंत्री होते. म्हणजे तिथेही आतलाच खांब हलला. आम्ही म्हटलं, आता हे पुढची तीस वर्षं. २०२४ मध्ये काँग्रेसचे तरुण वकील गोवाल पाडवी दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. मी त्या दिवशी पेढे वाटले नाहीत, पण मला बरं वाटलं, कारण पुढच्या वेळी दोघांनाही आमच्या पाड्या-मोहल्ल्यात यावं लागेल.

गुजरातेतही एक विसावदर आहे, जुनागढ जिल्ह्यात. २०१२ मध्ये तिथून केशुभाई पटेल भाजपविरुद्ध उभे राहून जिंकले. २०२२ च्या लाटेतही तिथे आम आदमी पक्ष जिंकला. तो आमदार वर्षभरात राजीनामा देऊन भाजपमध्ये गेला. तर २०२५ च्या जूनमधल्या पोटनिवडणुकीत लोकांनी पुन्हा आम आदमी पक्षाचेच गोपाल इटालिया निवडून दिले, सतरा हजारांवर मतांनी. आमदार पळाला, मतदार हलला नाही. एका विसावदरने राज्य बदलत नाही. पण अहमदाबाद महापालिका जिंकली तेव्हा १९८७ मध्ये तरी कुणाला कुठे काय दिसलं होतं?

हातातलं काय, तर लहान निवडणूक. २०२१ मध्ये सुरत महापालिकेत काँग्रेसला १२० पैकी शून्य जागा मिळाल्या, आणि तीनच वर्षांनी लोकसभेच्या अर्जावर टिकतील असे सूचक मिळाले नाहीत. या दोन बातम्या मी एकमेकींना जोडून वाचते. नगरसेवक नाही, म्हणून कार्यकर्ता नाही, म्हणून सही करून तिच्यामागे उभा राहणारा माणूस नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला कायद्याने एक सूचक पुरतो. लाखो मतदार असलेल्या मतदारसंघात दबाव आला तरी सही माझीच आहे असं म्हणणारा एक माणूस हवा होता.

तुम्ही इथे पन्नास-साठ जण आहात. किती जणांचं नाव मतदार यादीत आहे, हात वर करा. ...बरं. आता, आपल्या वॉर्डाची यादी शेवटची कधी उघडून पाहिली? हात खूपच कमी झाले. यादीत आपल्या गल्लीतली मयत माणसं अजून जिवंत असतात आणि लग्न होऊन आलेल्या सुना नसतात. नमुना ६ भरून नाव घालता येतं, ७ भरून काढता येतं, ८ ने दुरुस्ती होते. सोसायटीच्या, बाजार समितीच्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या निवडणुकीला आपण उभे राहत नाही, "आपल्याला कोण मत देणार" म्हणून. उभे राहा, पडा. आणि प्रचाराला फक्त आपल्या मोहल्ल्यात फिरू नका. पलीकडच्या आळीतल्या लोकांचंही पाणी दोन दिवसांआड येतं.

खाला आता ७० च्या पुढे गेली. मागच्या महिन्यात गेले होते. तिने २०२४ ची मतदार चिठ्ठी कुराणशरीफच्या कपाटात जपून ठेवली आहे, न वापरलेली. मी विचारलं, ही कशाला ठेवली? म्हणाली, "अगली बार कोई आया तो दिखाऊंगी."

माझं बोलणं संपलं. मघाशी मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला होता, हैदराबादच्या पक्षाबद्दल विचारायचं होतं ना तुला? ये, पुढे ये.